शेवटच्या चारांत

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात पायाला काम कमी आणि हातालाच जास्त. तिकडच्या कॉलेजांच्या टीम तो खेळतात, लाख-लाख माणसं स्टेडियममध्ये बसून घसा फोडतात, आणि सीझन संपला की एक कमिटी बंद खोलीत बसून पुढे कोणी खेळायचं ते ठरवते. म्हणजे सगळे सामने जिंकलेली टीम घरी बसू शकते आणि एखाद-दुसरा हरलेली, पण मोठ्या नावाची टीम पुढे जाऊ शकते. मी कोल्हापूरचा माणूस. आमच्याकडे फुटबॉल पायाने खेळतात आणि जो जिंकतो तो पुढे जातो, त्यामुळे असल्या गोष्टींशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आणला चारुदत्तने.

चारुदत्त आमच्या लीगचा संस्थापक. मुंबईत शिकला, मग अमेरिकेत अशा एका गावात दोन वर्षं राहिला जिथे म्हणे सामन्याच्या शनिवारी कोणी लग्नाची तारीख धरत नाही. आता सिंगापुरात बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, बुओना व्हिस्टाला त्याचा कॉन्डो आहे, आणि रविवारी सकाळी उठून तो अजूनही तिकडचे सामने बघतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात आलं की इथल्या मराठी माणसांची फुटबॉल लीग काढावी. आपला नेहमीचा, पायाने खेळायचा फुटबॉल, सात-सात जणांचा. पण टीम पाडायच्या त्या कॉलेजवार. ज्याने जिथून डिग्री घेतली, त्याने त्या कॉलेजकडून खेळायचं.

मंडळींनी ही कल्पना अशी उचलून धरली की विचारू नका. पन्नाशीला टेकलेली माणसं, इथली पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, झालेली, काहींनी तर पासपोर्टही बदललेला, पण नवा मराठी माणूस भेटला की तिसरं वाक्य ठरलेलं: "कॉलेज कुठलं?" मी "कोल्हापूर" म्हणतो. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो. पहिला अच्छा ऐकल्याचा, दुसरा विषय बदलल्याचा. इतकी वर्षं हे दोन अच्छा ऐकतोय, पण त्यांची सवय काही होत नाही.

आमच्या टीममधले बहुतेक जण जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये आहेत. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा, दिवसभर व्हॉल्व्ह आणि प्रेशरशी झगडायचं, आणि संध्याकाळी बुकित बातोकला माझ्या ब्लॉकखालच्या कोर्टवर बॉल मारायचा. कोल्हापुरात पेठापेठांच्या टीम असतात, तालमींच्या टीम असतात, आणि मोठा सामना असला की अर्धं गाव स्टेडियमवर असतं. मी मंगळवार पेठेतला, आमचा गोलकीपर अभय शिवाजी पेठेतला. तिकडे असतो तर आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. इथे तो माझा सगळ्यात जवळचा मित्र, बसमध्ये रोज शेजारच्या सीटवर.

तर लीगमध्ये आठ टीम. सिंगापुरात मैदान मिळवायचं म्हणजे नाकीनऊ येतात, म्हणून चारुदत्तने ठरवलं की प्रत्येक टीमने पाचच सामने खेळायचे, आणि कोणाशी ते कॅप्टननी आपसात जमवायचं, एकाच टीमशी दोनदा खेळलं तरी चालेल. मग जानेवारीत तीन जणांची कमिटी बसून चार टीम निवडणार. अगदी अमेरिकेसारखं. त्या चारांची सेमीफायनल आणि नंतर फायनल, आणि फायनल कोर्टवर नाही, खऱ्या मोठ्या मैदानावर. हिरवं गवत, वरून दिवे, लोकांना बसायला स्टँड.

या वर्षी आम्ही पाचही सामने जिंकलो. पुण्या-मुंबईच्या टीमशी मात्र आमची गाठ पडली नाही. पुण्याशी दोनदा ठरलं आणि दोनदा आयत्या वेळी त्यांच्या कॅप्टनचा, क्षितिजचा, मेसेज आला. एकदा अर्धी टीम सुट्टीवर होती, एकदा कोर्ट ओलं होतं. सिंगापुरात कोर्ट ओलं म्हणून सामना रद्द करायचा तर माणसाने खेळायच्या भानगडीत पडूच नये. ते आम्हाला टाळतायत हे कळत होतं, पण आम्ही हसण्यावारी नेलं. म्हटलं, जातील कुठे, सेमीफायनलला भेटतीलच.

अभयसाठी मात्र हा हसण्याचा विषय नव्हता. त्याचं युनिट कंपनीने बंद केलं होतं. दुसरी नोकरी मिळाली नाही, वर्क पास संपला, आणि आता इथे राहायचे मोजकेच दिवस हातात होते. त्याची बायको अनुया मुलाला घेऊन आधीच कोल्हापूरला गेली होती. फ्रिज, पलंग, सगळं देऊन टाकलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये अभय जमिनीवर चादर टाकून झोपत होता, ते फक्त फायनलसाठी. "एकदा त्या मोठ्या ग्राउंडवर उभा राहतो मर्दा, मग जातो," असं म्हणायचा. त्याच्या पेठेतल्या तालमीत पोरांनी पडदा लावायचं ठरवलं होतं. माझी बायको स्टँडमधून फोनवर दाखवणार आणि ते तिकडे पडद्यावर बघणार. अभय नोकरी गमावून परत येतोय हे पेठेत सगळ्यांना माहीत झालं होतं. तो येण्याआधी त्यांनी त्याला एकदा दिव्यांखाली, गोलपोस्टसमोर उभा बघावा, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला शब्द दिला होता. पाचपैकी पाच जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनने शब्द द्यायला काय हरकत होती?

त्याच आठवड्यात आमच्या मुलीचा, आर्याचा, ओ-लेव्हलचा, म्हणजे आपल्या दहावीसारखा, निकाल लागला. इथे गुण जितके कमी तितके चांगले, हे उमजायला मला फार वेळ लागला होता, पण तिचे गुण खरोखरच छान कमी होते. कुठल्याही चांगल्या ज्युनिअर कॉलेजात, इथल्या भाषेत जेसीत, सहज जागा मिळाली असती. आणि हिने काय काढावं? पॉलिटेक्निक. तिथे म्हणे प्राण्यांच्या दवाखान्यातलं काम शिकवतात, कुत्र्या-मांजरांच्या तपासण्या, ऑपरेशनला मदत वगैरे, आणि तीन वर्षांनी डिप्लोमा मिळतो. शाळेत असताना दर शनिवारी ती भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जायची, तिथून हे खूळ आलं.

डिप्लोमा! मी तिला समजावलं की आमच्या वेळी डिग्रीला नंबर लागला नाही की पोरं डिप्लोमाला जायची. माझी बायको मेधा म्हणाली, "इथे तसं नसतं, प्रबोध. इथे हुशार मुलंसुद्धा आवडीने पॉलीला जातात." मी म्हटलं, "इथे नसेल. पण विचारणारी माणसं आपलीच आहेत ना? कुठलं कॉलेज म्हणून विचारल्यावर काय सांगायचं?" मेधा उठून चहा ठेवायला गेली. आर्या फोनकडे बघत इथल्या पोरांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "अप टू यू, लाह." आमच्या घरात कधी आरडाओरडा होत नाही, सगळं बसून, बोलून ठरतं. तसंच हेही ठरलं. पहिला पर्याय ज्युनिअर कॉलेज टाकला, आणि असं टाकला की नाव ऐकताच समोरच्याने दुसऱ्यांदा अच्छा म्हणू नये.

त्याच्या पुढच्या रविवारी चारुदत्तने सगळ्या कॅप्टनना कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मिसळ खायला बोलावलं. निवड जाहीर करायची ही त्याची पद्धत. बाहेर पूलमध्ये पोरं डुंबत होती, आत टेबलावर मिसळ होती आणि ती कोल्हापुरी होती बरं का. सगळे हाशहुश करत, नाक पुसत खात होते आणि मला येऊन सांगत होते, "वा प्रबोध, तुमच्याकडची चव म्हणजे चवच!" मीही खूश होतो. आता अभय तालमीच्या पडद्यावर दिसणार, एवढंच डोक्यात होतं.

चारुदत्त उभा राहिला. बरोबर कमिटीतले दुसरे दोघे. एक स्मिता, मुंबईच्या एका कॉमर्स कॉलेजची, मोठ्या फर्ममध्ये ऑडिटला असते आणि त्यांच्या टीमचं सगळं तीच बघते. आणि दुसरा आपला क्षितिज, पुण्याच्या टीमचा कॅप्टन.

"एकमताने निवड झाली आहे," चारुदत्त म्हणाला आणि चार नावं वाचली. पुणे. त्याचं स्वतःचं मुंबईचं कॉलेज. स्मिताचं कॉमर्स कॉलेज. नागपूर.

मला वाटलं, पाचवं नाव राहिलं. मग लक्षात आलं की चारच वाचायची होती.

"चारुदत्त," मी म्हणालो, "स्मिताची टीम दोन हरलीय."

"हो, पण त्या दोन्ही तगड्या टीमशी."

"आम्ही एकही हरलो नाही."

"करेक्ट. पण कोणाशी जिंकलात, तेही बघावं लागतं ना?" त्याने मिसळीची वाटी खाली ठेवली. बँकेत कर्ज नाकारताना हा असाच बोलत असणार. "तुमच्या पाचांत एकही मोठी टीम नाही."

"मोठी टीम खेळायला आली नाही. दोनदा. क्षितिजला विचार."

क्षितिज पाव चिवडत होता. म्हणाला, "अरे, कोर्ट खरंच ओलं होतं."

"मग मला एक सांगा, यांच्या टीमची निवड यांनीच कशी केली?"

"तसं अजिबात नाही," स्मिता म्हणाली. तिला बिचारीला खरंच दुखावल्यासारखं झालं होतं. "आपण अमेरिकेचा नियम पाळतो. आपल्या टीमची चर्चा चालू असताना आपण बाहेर जायचं. क्षितिज बाहेर बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मग चारुदत्त गेला, मग मी गेले."

मी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं. एक जण बाल्कनीत, दोघे आत. मग तो आत, दुसरा बाल्कनीत. आमच्या टीमच्या वेळी कोणालाच बाहेर जावं लागलं नसणार, कारण आमचं आत कोणी नव्हतंच.

"मतदान झालं?" मी विचारलं.

"मतदान कशाला रे?" चारुदत्त हसला. "आपण काय परके आहोत? बसलो, बोललो, ठरलं. आणि प्रबोध, मनावर घेऊ नकोस, पण शेवटी नजरेला काय दिसतं तेही बघावं लागतं. तुमचा खेळ चांगलाच आहे. पण जरा... रांगडा आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा शब्द मी चांगला ओळखतो. आमच्या रश्श्याचं, आमच्या बोलण्याचं कौतुक करताना हाच वापरतात, आणि आम्हाला दाराबाहेर ठेवतानाही हाच. तोंडात आमची मिसळ ठेवून हा माणूस मला रांगडा म्हणत होता.

"हे बघा," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं. "आठ टीम आहेत. चारांचे दोन गट पाडा. गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. म्हणजे प्रत्येकाला तीनच सामने, आत्तापेक्षा कमी. मैदानाचा प्रश्नच मिटला. जो येणार नाही तो हरला, मग कोर्ट ओलं असो नाहीतर त्याची बायको माहेरी गेलेली असो. दोन्ही गटांतले पहिले दोन पुढे. कमिटीने मैदान बुक करायचं, पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि गप्प बसायचं. कोणी कोणाच्या नजरेला कसं दिसतं हा प्रश्न येतोच कुठे? गोल झाला की झाला, नाही तर नाही."

"मग त्यात मजा काय राहिली?" चारुदत्त म्हणाला. "सगळी चर्चाच संपली. तिकडे महिनाभर अख्खा देश यावर भांडतो. दॅट इज द चार्म."

"मला भांडायचं नाही. मला खेळायचंय."

नागपूरचा कॅप्टन सज्जन माणूस, पण त्याची टीम निवडली गेली होती, त्यामुळे तो खाली बघून मिसळ संपवत होता. बाकीचे न निवडलेले तिघे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांच्या घरचं कार्य बिघडवत होतो. आपल्यात हे फार आहे. अन्याय करणाऱ्याचा कोणाला राग येत नाही, आवाज चढवणाऱ्याचा येतो.

मग स्मिताने समजुतीचा सूर लावला. "आम्ही तुमचा विचार केलाय, प्रबोध. फायनलच्या आधी, त्याच मोठ्या मैदानावर, तुमचा एक फ्रेंडली सामना ठेवू. बाकीच्या टीममधले निवडक खेळाडू विरुद्ध कोल्हापूर. आणि तुम्हाला एक उत्तेजनार्थ चषकही देऊ."

उत्तेजनार्थ! शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरलेल्या पोराला देतात तो. पाच सामने जिंकल्याबद्दल आम्हाला उत्तेजन.

"नको," मी म्हणालो. "आमच्या टीमला असली भीक नकोय. आमच्या सगळ्यांचं हेच मत आहे, लिहून घ्या."

टीममधला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हता. मी तसाच बाहेर पडलो, आणि एमआरटीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की माझ्या शर्टवर रश्श्याचा डाग पडलाय.

अभय संध्याकाळी कोर्टवर एकटाच बॉल भिंतीवर मारत होता. मला बघून त्याने बॉल थांबवला. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं असणार, तरी मी सगळं सांगितलं, बाल्कनीसकट. फ्रेंडलीचंही सांगितलं. "तोंडावर फेकलं त्यांच्या," मी म्हणालो. "उत्तेजनार्थ चषक म्हणे!"

त्याने बॉल उचलला. "फेकलास होय?" म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ दे की रं. पोरांना सांगतो पडदा लावू नका म्हणून." आणि कठड्यावर बसून तालमीत फोन लावला. तो काय बोलतोय ते मला ऐकवेना, मी पाणी आणायला व्हेंडिंग मशीनकडे गेलो.

पुढचे आठ-दहा दिवस मी घरात नुसता धुमसत होतो. जेवताना तोच विषय, टीव्ही बघताना तोच. "एकमताने म्हणे!" चारुदत्तचा आवाज काढून मी दाखवायचो. मेधाने दोन-तीनदा "पुरे आता" म्हणून बघितलं. एकदा आर्याने ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "व्हॉट इज एकमताने?"

"म्हणजे सगळ्यांना मान्य असलेलं," मेधा म्हणाली.

"ओ. लाइक, एव्हरीबडी अग्री."

"अग्री कसलं डोंबल!" मी म्हणालो. "कोणाला विचारलेलंच नसतं. दोन माणसं आपसात ठरवतात, बाकीचे काही बोलत नाहीत, आणि मग सगळ्यांच्या नावावर खपवतात. त्याला म्हणतात एकमताने."

"ओर्ह," आर्या म्हणाली, आणि परत जेवायला लागली.

फायनल पुण्याने जिंकली. आमच्यातलं कोणी बघायला गेलं नाही. ग्रुपवर फोटो आले: गवत, दिवे, क्षितिजच्या हातात चषक, शेजारी चारुदत्त, आणि दोघांच्या मागे ते पांढरं गोलपोस्ट. मी फोटो झूम करून गोलपोस्ट बघितलं आणि फोन उलटा ठेवला. खाली अभिनंदनाचे मेसेज वाढत होते. त्यात आमच्याच टीममधल्या दोघांचेही होते, हात जोडलेल्या चित्रासकट.

मग आर्याच्या प्रवेशाचा मेसेज आला. पहिला पर्याय मिळाला होता. त्या महिन्यातली ती एकच चांगली बातमी. मी सकाळीच माझ्या भावाला फोन केला, मेधाच्या आईला केला, ऑफिसात पेढे नेले. आर्याला मिठी मारून म्हणालो, "बघ, मिळालं की नाही फर्स्ट चॉइस!" ती म्हणाली, "या, फर्स्ट चॉइस." त्या शनिवारी ती शेल्टरला गेली नाही. मला वाटलं, नव्या कॉलेजची तयारी करत असेल.

रविवारी आम्ही तिघं अभयला सोडायला चांगीला गेलो. दुपारचं विमान. चायनीज न्यू इयर जवळ आलं होतं, सगळीकडे लाल कंदील आणि संत्र्यांचे ढीग होते, आणि त्या लालभडक गर्दीत अभय एक जुनी ट्रॉली ढकलत होता. मोठ्या बॅगा चेक-इन झाल्या होत्या. पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्याला त्याचे गोलकीपरचे हातमोजे लटकत होते. मेधाने विचारलं, "हे आत नाही टाकले?"

"फायनलसाठी वेगळे काढून ठेवलेले वहिनी," तो म्हणाला. "मग राहिलेच बाहेर."

मी परत सुरू झालो. चारुदत्त, कमिटी, बाल्कनी. पुढच्या वर्षी आपण टीमच काढून घेऊ, स्वतःची लीग काढू, गट पाडून, मी सगळं कागदावर मांडलंय. अभय ऐकत होता. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक बोलू काय प्रबोध? राग मानू नको."

"बोल की."

"ती फ्रेंडली मी खेळलो असतो."

मी त्याच्या हातमोज्यांकडे बघितलं.

"ग्राउंड तेच हुतं की," तो म्हणाला. "लाइट त्याच. पेठेतल्या पोरांना पडद्यावर काय कळणार हुतं, फायनल हाय का फ्रेंडली हाय. मी आपला उभा राहिलो असतो, दोन बॉल अडवले असते, आणि आलो असतो."

"अरे, अपमान होता तो, अभय! उत्तेजनार्थ म्हणत होते आपल्याला."

"व्हय, हुता की अपमान." तो अजिबात चिडलेला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. "पर माझा बी हुता न्हवं? मला इचारलं असतंस तर गिळला असता मी. तू परस्पर नगं म्हणून आलास."

मी मेधाकडे बघितलं. ती कंदिलांकडे बघत होती. मला म्हणायचं होतं की मी टीमसाठी बोललो, तुझ्यासाठीच बोललो. पण अभयला त्याआधीच बहुतेक माझी दया आली, कारण त्याने विषय बदलला. आर्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आणि आमच्या डॉक्टरीणबाईंचं काय झालं? कुत्र्या-मांजरांचं शिकणार हुतीस न्हवं तू?"

"नो लाह, अंकल. जेसी."

"का गं? मन बदललं?"

आर्या कधी मराठी बोलत नाही. कोणी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देते, आम्ही कितीदा सांगितलं तरी. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग अभयकडे, आणि एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली,

"नाही काका. घरी ठरलं. एकमताने."